पुष्पांजलीच्या फोनातली नावं

"पुष्पाच्या पोटात गेलं म्हणजे चोरखमाऱ्याच्या तळाला गेलं," असं बोडीटोल्यात म्हणायचे. एक-दोन नव्हे, सतरा वर्षं म्हणायचे. चोरखमाऱ्याच्या तलावात पडलेली अंगठी कोणाला परत सापडल्याचं ऐकिवात नाही, आणि पुष्पांजली कापगतेच्या कानात घातलेली गोष्टही कोणाला परत ऐकू आली नव्हती.

पुष्पांजली बोडीटोल्याची आशाताई. दहावी झालेली सून तेव्हा गावात एकच होती, म्हणून सरपंचानं तिचं नाव दिलं. तेव्हा ती अठ्ठावीसची होती, आता पंचेचाळीसची आहे. बुटकी, भरभर चालणारी आणि बोलायला फटकळ. कोणाला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, कोणती सून सासूला न सांगता पाळणा लांबवायची तीन महिन्यांची सुई घेते, कोणाच्या पोटात दुसरा महिना आहे, हे सगळं तिला ठाऊक. गोळ्यांची पाकिटं ती भाजीच्या पिशवीत वांग्याखाली दडवून न्यायची. खुद्द नवऱ्यालाही पत्ता लागू द्यायची नाही. योगराज विचारायचा, "लीलाधरच्या घरी कायले गेलती?" ही म्हणायची, "चहा प्यायले." आता लीलाधरची चहाची टपरी फाट्यावर, त्याच्या घरी चहा प्यायला कोण कशाला जाईल? पण योगराज शहाणा माणूस, पुढं विचारायचा नाही.

सरकारी रजिस्टर पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली मंगळसूत्राच्या पिनेला. अशी ही बाई. आणि हिच्याच हातून जे झालं ते ऐकून अजून माझा विश्वास बसत नाही.

त्याचं मूळ पाहायला गेलं तर कापगत्यांत आहे. बोडीटोल्यात अर्ध्याहून जास्त घरं कापगत्यांची. तलाव बांधणाऱ्या पूर्वजांनी तलाव बांधले, धान पिकवलं, पण आडनावाची काही सोय केली नाही. त्यामुळे गावात निशा कापगते चार, सुलोचना कापगते तीन, रामलाल कापगते दोन, आणि ते दोघंही दारू पिणारे. फोनात नुसतं नाव लिहून भागणार कसं? वेळीअवेळी फोन वाजला तर कोणती सुलोचना हे कळायला हवं ना! म्हणून पुष्पांजलीनं आपली युक्ती काढली. प्रत्येक नावापुढं ती ओळखीची खूण लिहायची. आणि आशाताईला माणसाची ओळख कशावरून? त्याच्या दुखण्यावरून. 'सुलोचना कापगते बीपी.' 'सुलोचना कापगते सुई.' 'लीलाधर कापगते टीबी दुसरा महिना.' 'निशा उमराव पिवळं कार्ड.' अशी त्रेसष्ट नावं. पेटीला कुलूप घालणाऱ्या बाईनं पेटीतलं सगळं फोनात उतरवून ठेवलं होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फोन तर आपल्याच कमरेला असतो!

हा फोन योगराजनं थोडे दिवस वापरून टाकलेला, सात वर्षांचा. काचेला कोपऱ्यात तडा. पहिली दोन-तीन वर्षं तो दर आठवड्याला विचारायचा, अपडेट आलं आहे, घ्यायचं का? पुष्पांजली 'नंतर' दाबायची. दिवसाचं नेट माहिती पाठवण्यातच संपायचं, आणि शेजारच्या टोलीतल्या आशाताईनं अपडेट घेतल्यावर तिचा फोन बैलगाडीच्या चालीनं चालू लागला होता, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. नंतर, नंतर करता करता एक दिवस फोननं विचारणंच सोडून दिलं. पुष्पांजलीला बरं वाटलं. "सुधारला बाप्पा," ती योगराजला म्हणाली. खोकणारा रोगी एकाएकी गप्प झाला तर हीच बाई धावत त्याच्या दारी जायची. फोन गप्प झाला तर खूश झाली.

मग गेल्या दिवाळीत फोन भरला. बाळांच्या वजनाचे फोटो, लसीकरणाचे फोटो, साहेबांना पाठवायचे फोटो. जागाच उरली नाही. बायकांच्या एका ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली होती: फोन साफ करा, आणि अनोळखी फोन कोणाचा आहे तेही पाहा. पुष्पांजलीनं ते ॲप घेतलं. त्यानं काहीबाही विचारलं, हिनं सगळ्याला हो म्हटलं. फोन थोडा हलका झाला. ती विसरूनही गेली.

आता निशाकडे येऊ. निशा उमराव कापगते, तेवीस वर्षांची, तिरोड्याच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात रक्ततपासणी झाली आणि तिला सिकलसेलचं पिवळं कार्ड मिळालं. आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, तरी सांगतो. पांढरं कार्ड म्हणजे काहीच नाही, लाल म्हणजे आजार आहे. पिवळं म्हणजे आजार नाही, पण तो तुमच्या रक्तातून पुढं जाऊ शकतो. एकट्या पिवळ्यानं काही बिघडत नाही. नवरा-बायको दोघंही पिवळे असले तर मात्र मुलाच्या वाट्याला लाल येण्याची भीती. पण लोक एवढं कुठं ऐकून घेतात? कार्ड म्हटलं की पोरगी रोगी, एवढंच त्यांना कळतं. निशानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त पुष्पाकाकूला सांगितलं.

या फेब्रुवारीत निशाचं दवनीवाड्याच्या पीयूषशी जमलं. पोरगा गोंदियाला औषधाच्या दुकानात कामाला, शांत, नाकासमोर चालणारा. दोघं फोनवर बोलायचे आणि निशा फोन ठेवल्यावरही हसत राहायची. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पुष्पांजलीनं तिला बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर गाठून सांगितलं, "पोरी, कुंकू लागायच्या आधी त्याले सांग. त्याचंबी रक्त तपासून घ्या. मंग खुशाल लग्न करा."

"मीच सांगीन, काकू. माह्याच तोंडानं. तुम्ही कोणाले बोलू नका."

"मी कवा बोलली का?"

गुरुवारी पीयूष यायचा होता, तेव्हा ती सांगणार होती. मंगळवारी सकाळी मात्र निशा पुष्पांजलीच्या अंगणात येऊन उभी राहिली. पुष्पांजली लाखोरीची भाजी निवडत होती. पोरीचा चेहरा पाहून तिचा हात थांबला.

"काकू, तुम्ही मामीले काऊन सांगतलं?" मामी म्हणजे होणारी सासू, पीयूषची आई धुरपताबाई.

"काय सांगतलं?"

"माह्या कार्डाचं!"

साडीचा रंग विचारायला निशानं आपल्या फोनवरून पहिल्यांदाच धुरपताबाईंना फोन लावला होता. धुरपताबाई चौथी शिकलेल्या, अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्या. पोरानं दिलेल्या फोनात नाव दाखवणारं ॲप. त्यांनी फोन उचलला आणि 'हॅलो'च्या ऐवजी एवढंच विचारलं, "निशा, पिवळं कार्ड मंजे का वं? इथं तुह्या नावापुढं लिवून आलं." निशाच्या हातून फोनच सुटला. नंतर दोनदा लावला. त्यांनी उचलला नाही.

"माह्या तोंडातून एक सबद गेला असंन तर माही जीभ झडो," पुष्पांजली म्हणाली. तिला खरोखर काही कळत नव्हतं. "कोण्या लॅबवाल्यानं सांगतलं असंन."

"लॅबवाल्यानं? मामीच्या फोनात आहे तेच ॲप मी आत्ता टाकलं, काकू. पाहा." निशानं स्वतःच्या फोनात सुलोचनाबाईंचा नंबर दाबला. पडद्यावर नाव आलं: सुलोचना कापगते बीपी. लीलाधरचा नंबर दाबला. लीलाधर कापगते टीबी दुसरा महिना. रामलालचा दाबला. रामलाल कापगते दारू मोठा.

'मोठा' हा शब्द जगात दुसऱ्या कोणी रामलालच्या नावापुढं लावला नसता. दोन रामलालांतला मोठा ओळखायला पुष्पांजलीनंच तो लिहिला होता. तिचेच शब्द, तिच्याच क्रमानं, तिनं कधी हात न लावलेल्या फोनात. भाजीची परडी कलंडली ती तिनं उचललीही नाही.

"सगळ्यांच्या फोनात असं येते?" तिनं विचारलं.

"ज्याच्याजवळ हे ॲप आहे त्या सगळ्यांच्या."

"सुईवाल्या सुलोचनाचंबी?"

निशानं नंबर दाबला आणि पडदा तिच्यापुढं धरला. त्या सुलोचनेची सासू गावातली सर्वांत भांडखोर बाई. सतरा वर्षं जिनं तोंड शिवून ठेवलं, तिचा खिसाच फाटका निघाला होता.

तासाभरानं ती तिरोड्यात दुर्गेशच्या दुकानात होती. दुर्गेश मोबाइल दुरुस्त करतो. पोवाराचा पोरगा, बोलणं अर्धं हिंदी. त्यानं फोन हातात घेतला, आत जाऊन काहीतरी पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"ताई, इसको आखरी अपडेट कब लिया?"

"कधीच नाही घेतलं."

"कधीच मंजे?"

"मंजे कधीच नाही. आधी इचारायचा, मी नंतर म्हणायची. चार वर्सांपासून तो इचारतच नाही. मले वाटलं, ठीक आहे आता."

दुर्गेशनं फोन काउंटरवर ठेवला, जपून, जणू तो फुटेल. "ताई, ठीक आहे म्हणून नाही थांबला तो. कंपनीनं या मॉडेलला सोडून दिलं. छोड दिया. दोन-तीन वर्षं ते ताळे पाठवत होते, फुकटात. चोर नवी किल्ली बनवते, कंपनी नवं ताळं पाठवते. अपडेट मंजे तेच राहते, दुसरं काय? तुम्ही एकबी ताळं लावलं नाही. मग त्यांनी पाठवणं बंद केलं. चार सालसे आपका घर खुला है."

"पण चोर कुठी आला? मीच ते ॲप घेतलं."

"हो, दार तुम्हीच उघडलं, ते तर आहेच. हे ॲप दुकानातलं नाही, लिंकवरचं. नव्या फोनात असं काही टाकायला गेलं की फोन आडवा येते, धोक्याचं आहे मंते. यानं आडवं यायची अक्कल शिकलीच नाही. ॲपनं नावांची सगळी यादी उचलली आणि आपल्या खात्यात टाकली. आता तिकडं सगळी दुनिया पाहते."

"परत आण," पुष्पांजली म्हणाली.

"काय?"

"यादी. परत आण. तू दुरुस्त करते ना?"

दुर्गेश तिच्याकडे पाहतच राहिला. तिरोड्यात त्याच्याकडं रोज लोक फुटक्या काचा घेऊन येतात. असं काही मागायला कोणी आलं नव्हतं. "ताई, पाट फुटून पाणी वावरात गेल्यावर परत तलावात आणता येते का? ज्याचा नंबर आहे त्यानं एकेकानं त्या ॲपवाल्याला सांगायचं, माझं नाव काढ. ते मी शिकवतो. पण ज्यानं वाचलं त्याच्या डोक्यातून कोण काढंन?"

त्यानं ॲप काढून टाकलं. फोन मात्र आता कामाचा नाही म्हणाला; फोटो काढून ठेवा, नावं पुसा आणि गाणी ऐकायला ठेवा, त्यात माणसं ठेवू नका. त्याच्या मागच्या फळीवर थर्मल प्लांटच्या एका साहेबानं विकलेला टॅब होता. पुष्पांजलीनं तो हातात घेतला आणि किंमत विचारायच्या आधी विचारलं, "याले अपडेट कवापर्यंत येईन?" दुर्गेश म्हणाला, असं विचारणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच.

घरी येताना तिनं निशाला गाठलं. "मी दवनीवाड्याले जातो म्हटलं तर तुही परवानगी पायजे," ती म्हणाली. "आता तुह्याबद्दल तुले इचारल्याबिगर मी तोंड उघडणार नाही."

निशाचे डोळे रडून लाल झाले होते. "मीबी संगं येईन," ती म्हणाली. "माह्या तोंडानं सांगणार होती ना? मंग सांगू द्या."

बुधवारी दोघी पुष्पांजलीच्या स्कुटीवर दवनीवाड्याला गेल्या. धुरपताबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खाट दाखवली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसल्या.

निशानं सांगितलं. सगळं सांगितलं: कार्ड कधी मिळालं, त्याचा अर्थ काय, गुरुवारी पीयूषला सांगणार होते हेही. मग पुष्पांजलीनं आपलं सांगितलं. नावापुढं मीच लिहिलं, फोन माझा, चूक माझी, पोरीची काही नाही. "पिवळं कार्ड मंजे रोग नोहोय बाई. तुमच्या पोराचं रक्त तपासा. त्याचं पांढरं असंन तर काहीच भेव नाही."

धुरपताबाई तिच्याकडं एकटक पाहत होत्या. मग त्या उठल्या. घरात कुठंतरी डबा उघडल्याचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते खाटेवर निशाच्या बाजूला ठेवलं.

पीयूषचं नाव. वर्ग आठवा. कार्ड पिवळं.

निशानं कार्ड उचललं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"पिवळं कार्ड मंजे का, असं मी इचारलं," धुरपताबाई म्हणाल्या. "तुले वाटलं, मले ठावं नाही म्हणून इचारलं. ठावं होतं म्हणून इचारलं, पोरी. हा डबा माह्या उरावर दहा-अकरा वर्सांपासून आहे. पोट्ट्यालेबी ठावं नाही. शाळेतून कार्ड आलं, मी ठेवून देलं. मले वाटलं, कार्ड डब्यात तर रोगबी डब्यात." त्यांनी रिकामी पिशवी घडी करून मुठीत धरली. "फोनात तुह्या नावापुढं पाहिलं आन् मले धडकी भरली. मी फोन उचलत नव्हती ती रागानं नाही. काय बोलू, तेच समजे ना."

वाळवणाच्या धानावर चिमण्या उतरल्या. त्यांना हाकलायलाही कोणी उठलं नाही. पुष्पांजलीच्या मनात एक विचार डोकावला. बरं झालं ना मग, फोनातून फुटलं म्हणूनच हे कळलं! तिनं तो विचार तिथंच झटकला. गुरुवारी निशा पीयूषला सांगणारच होती. पीयूषनं रक्त तपासलं असतं, आणि हेच कार्ड दोघांनी मिळून, आपल्या मर्जीनं उघडलं असतं. ती वेळ त्या दोघांची होती. तिनं ती फोनातून सांडली होती.

मग धुरपताबाईंनी तिच्याकडं मान वळवली. "आन् तू गं बाई. आता माह्या पोराचं नाव कसं लिवशीन तुह्या फोनात?"

पुष्पांजलीनं मान खाली घातली, आणि निशाच जायला उठली. "मामी, कार्ड पीयूषले तुम्ही दाखवा. उद्याच्याले. मग पुढचं आमी दोघं ठरवू."

रविवारी साक्षगंध झालं नाही. निशाच्या बापानं, उमरावनं, पाहुण्यांना तारीख पुढं गेली एवढंच कळवलं. सोमवारी निशा आणि पीयूष दोघंच गोंदियाला डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं काय समजावलं आणि त्यांनी काय ठरवलं ते निशानं येऊन पुष्पांजलीला सांगितलं. ते आपल्याला कळणार नाही. मी पुष्पांजलीला विचारून पाहिलं. ती बोलली नाही.

आता तिच्या टॅबात नावांपुढं बापाचं नाव असतं, नाहीतर घर नंबर. दुसरं काही नाही. अपडेट आलं की हातातलं काम टाकून घेते. गावात फेरीला गेली की बाळाचं वजन घेते, आईचं बीपी घेते आणि मग म्हणते, "दाखव तुहा फोन. कवाचा आहे? अपडेट कवा घेतलं?" बायका हसतात. ती हसत नाही.

पण त्याआधी तिला त्रेसष्ट दारं चढायची होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं. सोमवारीच सुरुवात केली, आणि पहिलं दार घेतलं लीलाधरचं. दोन महिन्यांपासून त्याच्या टपरीवर गिऱ्हाईक तुटलं होतं. समोर नवी टपरी झाली म्हणून तुटलं असं तो समजत होता. दूध बदललं, बाक रंगवले, तरी माणसं येईनात.

पुष्पांजलीनं दारातच सगळं सांगितलं. लीलाधर हातातला पेला तसाच धरून ऐकत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला, आणि तो उजेड पाहवत नव्हता.

"मंजे म्हणून लोकं माह्या पेल्यात चहा पीत नाहीत?"

"म्हणून."

"माह्या गोळ्या तर आता संपत आल्या."

"हो. तू बरा झाला, मले ठावं आहे. पण लोकांच्या फोनात अजून दुसराच महिना आहे."

लीलाधर तिच्याकडं पाहत राहिला. ज्या बाईनं वांग्याखाली गोळ्या आणल्या, तिच्याकडं. "पुष्पावहिनी," त्यानं विचारलं, "खरं सांग. तुह्या तोंडातून गेलं का?"

"तोंडातून नाही गेलं, भाऊ," ती म्हणाली. "पण माह्याजवळूनच गेलं."